वेग मुलाचा, वाट रानाची

चार वर्षांचं मूल रानात शिरलं की पहिली पंचाईत मोठ्यांची होते. गाडी लावून, पाठपिशव्या चढवून, पाण्याच्या बाटल्या मोजून आपण वाटेला लागतो, तोवर मूल पहिल्याच वळणावर उकिडवं बसलेलं असतं. तिथे मुंग्यांची रांग असते, नाहीतर वाळक्या पानावरून चाललेली एखादी अळी. आपल्याला धबधबा गाठायचा असतो, गडाचा दरवाजा गाठायचा असतो, ऊन चढायच्या आत परतायचं असतं. मुलाला कुठेही जायचं नसतं. त्याच्यापुरतं ते पोचलेलं असतं. "चल, पुढे अजून छान आहे" असं म्हणत आपण त्याचा हात ओढतो आणि ज्यासाठी त्याला इथवर आणलं तेच आपल्या हाताने बंद पाडतो.

हे पुस्तक तीन ते आठ वर्षांच्या मुलांना घेऊन रानात चालणाऱ्यांसाठी आहे. त्यात आई-वडील आले, आजी-आजोबा आले, बालवाडीच्या ताई आणि पहिली-दुसरीचे शिक्षक आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हाच वयोगट शिक्षणाचा पायाभूत स्तर मानला आहे. गडकिल्ल्यांच्या वाटा दाखवणारी, झाडं-पाखरं ओळखायला शिकवणारी पुस्तकं मराठीत पुष्कळ आहेत, त्यांतली कितीतरी उत्तम आहेत. पण ती चालून न दमणाऱ्या वाचकासाठी आहेत. इतकं लहान मूल सोबत असताना वाटेवर काय घडतं, मूल काय उचलतं आणि आपण कुठे गप्प बसायचं, हा वेगळा विषय आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं की रान लहान मुलाला ठरवायला शिकवतं. पाय कुठे टाकायचा, फांदी आपलं वजन पेलेल का, हे फळ तोंडात घालायचं की आधी विचारायचं, पुढे जायचं की थांबायचं. घरात आणि शाळेत या वयाच्या मुलाचं जवळजवळ सगळं दुसरं कुणीतरी ठरवत असतं, अगदी कोणता सदरा घालायचा इथपासून. रानात ते जमत नाही. तिथे दर पावलाला जमीन बदलते आणि पाऊल मुलाचंच असतं.

पावसाळा सरला, गवत वाळलं, की सह्याद्रीच्या उतारांवरचा मुरूम सुटा होतो आणि वाटेचा घसारा होतो. अशा घसाऱ्यावरून सहा वर्षांची मुलगी उतरताना जवळून पाहावी. सुरुवातीला ती घरात चालते तशीच ताठ चालते. टाच सरकते, ती बसते, थोडी घसरत जाते, हसते आणि लगेच घाबरते. मग उभी राहते आणि तिथेच थांबते. पुढचा पाय उचलण्याआधी बुटाच्या टोकाने माती उकरून बघते. आधाराला बाजूचं गवत धरते, ते मुळासकट हातात येतं. पुढच्या खेपेला ती गवत सोडून कारवीचा दांडा धरते. तोही वरून नाही, जमिनीलगत, कारण वरचा भाग वाकतो हे एव्हाना तिला कळलेलं असतं. कुणी न सांगता ती अंग आडवं करते, एक पाय रोवते, दुसरा त्याच्याजवळ आणते. त्या एवढ्याशा उतारावर तिने माती, मुळं, दगड, वजन आणि तोल यांविषयी जे गोळा केलं ते फळ्यावर मांडायला कितीतरी तास लागतील आणि तरी ते पायात उतरणार नाही. खाली आल्यावर ती मागच्या मुलाला ओरडून सांगते, "तो पांढरा दगड हलतो, त्याच्यावर नको!" त्या सकाळची खरी कमाई हे वाक्य आहे. तिने स्वतः पारखलं, स्वतः ठरवलं आणि दुसऱ्याच्या कामी येईल अशा शब्दांत ते सांगितलं.

अशा उतारावर मोठ्यांच्या तोंडी सतत असतं ते "सांभाळून!" मायेनेच म्हटलेलं असतं, पण त्यातून मुलाला काहीच कळत नाही. काय सांभाळायचं? कशापासून? मुलाला एवढंच कळतं की आई घाबरली आहे, म्हणजे आपणही घाबरायला हवं. त्याऐवजी "पुढचा पाय कुठे ठेवशील?" असं विचारून बघा, किंवा "तो दगड हलतो का, आधी बघ" एवढंच म्हणा. मुलाची नजर तुमच्या चेहऱ्यावरून जमिनीवर जाते आणि काम सुरू होतं. नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या धाडसी खेळाची सहा रूपं नोंदवली आहेत: उंची, वेग, धारदार अवजारं, आग-पाण्यासारख्या गोष्टी, झोंबाझोंबी आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. आपली मुलं ही सगळी रूपं शोधतातच, फक्त ती सोफ्याच्या पाठीवर, जिन्याच्या कठड्यावर आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये शोधतात. रानात हेच धाडस मुलाच्या उंचीला आणि ताकदीला बेतून करू देता येतं. हातभर उंचीच्या खडकावरून उडी मारायची की बसून उतरायचं, हे ठरवताना मूल जेवढा वेळ घेतं तेवढा त्याला द्यावा.

मुलांना बाहेर नेऊन शिकवायचं म्हटलं की अलीकडे परदेशातल्या वन-बालवाड्यांची उदाहरणं दिली जातात. ती चांगलीच आहेत. डेन्मार्कमध्ये १९५०च्या दशकात असे प्रयोग सुरू झाले आणि जर्मनीत १९९३ मध्ये फ्लेन्सबुर्ग इथल्या वन-बालवाडीला सरकारी मान्यता मिळाली. पण महाराष्ट्राने याबाबतीत कुणाच्या तोंडाकडे बघायचं कारण नाही. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासोबत नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूच्या पाड्यांवरची वारली मुलं शाळेत टिकत नव्हती, कारण दिवसा त्यांना गुरं राखायची असायची, धाकट्या भावंडांना सांभाळायचं असायचं. तेव्हा या दोघींनी शाळाच गुरांच्या मागे नेली. तिचं नाव कुरणशाळा.

मला कुरणशाळा ही मराठी शिक्षणातली फार मोठी गोष्ट वाटते आणि तिची आठवण अजून पुरेशी ठेवली जात नाही याचं वाईट वाटतं. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली जमली आहेत, मोजायला खडे आणि बिया आहेत, रंग ओळखायला पानं-फुलं आहेत, शिंपले आणि पिसं आहेत. बाजारातून काही आणायचं नाही. माँटेसरीबाईंची तत्त्वं ताराबाईंनी परदेशी लाकडी साहित्यातून सोडवून मुलाच्या हाताजवळच्या वस्तूंत आणली. यातला धडा असा की मूल जिथे रमतं तिथे शिक्षकाने जायचं असतं आणि तिथे जे आहे त्यातूनच शिकवायचं असतं. रान ही सहलीची जागा मानायची की शिकण्याची, हा प्रश्न कोसबाडने केव्हाच सोडवला आहे. आज शहरातल्या मुलाला रानात नेताना आपण अनुताईंच्याच वाटेने चाललो आहोत. फरक इतकाच की तिथलं मूल रानातच होतं, आपलं मूल तिथवर न्यावं लागतं.

आता वाटेवरच्या एका सपाट खडकाकडे या. त्यावर काळपट, वाळलेली शी पडलेली आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना शीइतकी आवडती गोष्ट दुसरी नसते, आणि त्यांना तिथून हटकणाऱ्या मोठ्यांच्या हातचा एक उत्तम धडा जातो. हात लावायचा नाही, काडीने उकलायचं. आत बिया निघतात, गोल, टणक, न फुटलेल्या. भेरली माडाच्या. मग प्रश्न सुरू होतात. हे कुणी खाल्लं? फळ खाणारं म्हणजे माकड का? माकड बिया थुंकतं ना? इथेच का केली, रोज इथेच करतं का? एक मूल वर बघतं आणि माड शोधतं. आसपास माड नाही. "म्हणजे तिकडे खाल्लं आणि इथे आलं," असं ते म्हणतं. हे उदमांजराचं काम आहे, ते रात्री फिरतं, फळं खातं आणि बिया दूरवर पसरवतं, हे तुम्ही नंतर सांगू शकता. पण पुराव्यावरून मागे मागे जात जी गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली नाही तिच्यापर्यंत पोचणं, हे त्या मुलाने स्वतः केलेलं आहे. सगळं विज्ञान याच वाटेने जातं. म्हणून उत्तर सांगायची घाई करू नका. "उदमांजर" हे नाव दहा सेकंद आधी सांगितलं असतं, तर चौकशी तिथेच संपली असती.

प्रश्नाला मान दिला की काय होतं, याचं मुंबईतलंच उदाहरण आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला एका शाळकरी मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे त्याच्या मामांना सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि एवढ्यावर न थांबता त्या पोराला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. प्रत्येक मूल पक्षीशास्त्रज्ञ होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. पण "मला माहीत नाही, चल, माहीत असलेल्याकडे जाऊ" हे वाक्य मामांना म्हणता आलं आणि एका व्यग्र माणसाने लहान मुलासाठी वेळ काढला, या दोन गोष्टी आपल्यालाही करता येण्यासारख्या आहेत.

माझा सर्वांत मोठा आग्रह एकाच रानात पुन्हा पुन्हा जाण्याचा आहे. दर सुट्टीला नवं ठिकाण गाठणाऱ्या मुलाकडे फोटो जमतात, ओळख जमत नाही. कर्नाळ्याचं अभयारण्य घ्या. मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच, जेमतेम १२ चौरस किलोमीटरचं. वर गडाचा सुळका आणि खाली हरियाल आणि मोरटाका या निसर्गवाटा. फेब्रुवारीत गेलात तर काटेसावर निष्पर्ण उभी असते आणि तिच्या लाल फुलांवर मैना, बुलबुल, सूर्यपक्षी यांची झुंबड असते. मुलाला दुर्बीण लागत नाही, पान आड येतच नाही. मार्चमध्ये कोशिंबाला लालभडक पालवी फुटते आणि पानं हिरवीच असतात हे बालवाडीतलं ज्ञान मोडतं. मे महिन्यात जाळ्यांवर करवंदं पिकतात. हिरवं करवंद चिकाळ, लालसर आंबट, काळं गोड. काटा चुकवून नेमकं काळंच तोडायचं, हा हाताचा आणि डोळ्याचा केवढा अभ्यास आहे! मृग लागला की ओल्या मातीवर मखमली लाल मृगाचे किडे फिरू लागतात. सप्टेंबरात वाटेवर आडवी जाळी विणून मोठाले कोळी बसलेले असतात आणि पुढे चालणाऱ्याने काठी उभी धरून चालायचं असतं, जाळं तोडायचं नसतं, खालून वाकून जायचं असतं. ही वर्षभराची उजळणी झाली की मूल एक दिवस वाटेवर थांबतं आणि म्हणतं, "इथे लाल फुलं होती." कॅलेंडर शिकवायचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही.

आणि काही गोष्टी वर्षाच्याही बाहेरच्या असतात. कारवी सगळी मिळून फुलते ती सात-आठ वर्षांनी. २०१६ मध्ये ती बोरिवलीच्या जंगलात फुलली तेव्हा चार वर्षांचं असलेलं मूल पुढच्या फुलोऱ्याला पाचवी-सहावीत गेलं असणार. लहान मुलाला 'उद्या' समजायला कठीण जातं. त्याला एवढा लांबचा काळ सांगायला कारवीचा दांडा हातात असावा लागतो.

मागितलं की मिळतं असं रानात काही नाही, हेही मुलाला तिथेच कळतं. भीमाशंकरला शेकरू बघायला म्हणून मुलं येतात. १९८५ मध्ये अभयारण्य झालेल्या या रानाची ओळखच शेकरू आहे, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. मान वर करून मुलं उभी राहतात. फांद्यांच्या बेचक्यांत काटक्या-पानांची मोठी घरटी दिसतात, एकाच शेकराची अनेक. खाली अर्धवट कुरतडलेली फळं पडलेली असतात. वरून खडखडाट ऐकू येतो, पानं हलतात. शेकरू दिसत नाही. पडद्यावर बोट लावलं की हवं ते दिसण्याची सवय असलेल्या मुलाला हे पहिल्यांदा सहन होत नाही. काही रडतात. रडू द्यावं. थोड्या वेळाने तेच मूल घरटी मोजायला लागतं.

नावांचा विषय निघाला की मला पाड्यावरच्या मावशी आठवतात. रायगड-ठाण्याच्या रानात ठाकर आणि कातकरी, भीमाशंकर आणि अकोले तालुक्याकडे महादेव कोळी, बोरिवलीला वारली. शहरातलं मूल विचारतं, "या झाडाचं नाव काय?" मावशी नाव सांगतातच, पण त्यासोबत त्या झाडाचं काम सांगतात. ही केवण, हिच्या सालीचा दोर होतो. हिच्या पिळलेल्या शेंगेला मुरुडशेंग म्हणायचं, ती बाळगुटीत उगाळतात, तुझ्या आजीने तुला दिली असेल. हा पळस, पत्रावळीचा. हे शेवळं, पहिल्या पावसातच मिळतं, पण नीट शिजवलं नाही तर घशाला खाजतं. नाव, उपयोग, ऋतू आणि धोका एका दमात. एवढी भरलेली भाषा मुलाच्या कानावर पडणं हेच मोठं शिक्षण आहे. आणि हे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी आपण कसं वागतो, तेही मूल बघत असतं. वाटाड्याला योग्य मोबदला द्या, तो मुलांसमोर द्या, पाड्यावरच्या माणसांकडून घासाघीस न करता करवंदं घ्या. मुलं त्यांना मामा-मावशी म्हणतील, कारण ते त्या सकाळचे त्यांचे गुरू आहेत. "बघ, ही माणसं कशी गरिबीत राहतात" अशी वाक्यं मुलाच्या कानाजवळ बोलू नका. त्या माणसांना ती ऐकू जातात.

देवराईत नेलंत तर मूल आणखी एक गोष्ट शिकतं, न घेणं. १९७०च्या दशकात डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि गावोगावच्या लोकांनी देवाच्या नावाने किती जुनं रान राखून ठेवलं आहे ते जगापुढे आलं. आहुप्यासारख्या ठिकाणी अशा राईत पाऊल टाकलं की गारवा लगेच जाणवतो. बाहेर झुडपं आणि आत आभाळ झाकणारी झाडं. तिथून काटकीही उचलायची नाही. मूल विचारतं, "वाळकी आहे ना, मग का नाही?" याचं उत्तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला देऊ द्या. देव रागावतो असं ते सांगतील, किंवा वाळक्याचीच माती होते असं सांगतील. दोन्ही उत्तरं मुलाला चालतात. मुठीतलं पान परत खाली ठेवणारं मूल मी पाहिलं आहे, आणि कुणाच्याही धाकाशिवाय स्वतःला आवरणं या वयात किती अवघड असतं ते बालवाडीच्या कोणत्याही ताई सांगतील.

रानात मरणही दिसतं. मुंग्यांनी पोखरलेला भुंगा, झाडाखाली पिसांचा सडा, वणव्याने काळा पडलेला उतार. मोठी माणसं इथे मुलाचे डोळे झाकतात. मला ते पटत नाही. घरात आजोबा जातात तेव्हा मुलाला शेजाऱ्यांकडे पाठवलं जातं आणि त्याच्या प्रश्नांना कुणी उत्तर देत नाही. मेलेल्या भुंग्यापाशी मात्र ते निवांत विचारू शकतं: त्याला दुखलं का, मुंग्या त्याचं काय करतील, तो परत येईल का. खरं तेच सांगा, थोडक्यात सांगा. वणव्याचा उतार मात्र दाखवून पुढे जाऊ नका. वणवा बहुतेक वेळा माणसाने लावलेला असतो, हे सहा वर्षांच्या मुलालाही सांगायला हवं.

शास्त्रीय अभ्यासांचं म्हणाल तर ते मुलाला बाहेर नेण्याच्या बाजूचेच आहेत. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांतल्या पहिलीच्या मुलांचा तीन वर्षांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटं मुलांना जास्तीची बाहेर काढली. त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नव्याने लांबचं अंधुक दिसू लागलं, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. लहानपणी लागणाऱ्या चष्म्यांची संख्या बघता हा फरक लहान नाही. फिनलंडमध्ये २०२० च्या अभ्यासात पाळणाघरांच्या उघड्या अंगणात रानातल्या मातीचा आणि झुडपांचा थर अंथरला, तेव्हा २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि प्रतिकारशक्तीशी निगडित काही खुणाही बदलल्या. ज्या घरात माती म्हणजे घाण असं समीकरण आहे तिथे हे जरूर सांगावं. तरी मी या आकड्यांवर पुस्तक उभं केलेलं नाही. उद्या दुसऱ्या कुठल्या उपायाने डोळे शाबूत राहिले तरी घसाऱ्यावरची ती मुलगी जे शिकली ते तिला दुसरीकडे मिळणार नाही.

आता धोक्यांबद्दल, कारण त्याशिवाय कुणाच्याही मुलाला रानात न्यायचा मला अधिकार नाही. मुलाने ठरवायचं म्हणजे सगळं मुलाने ठरवायचं असं नव्हे. कडा, पाणी, साप आणि मधमाश्या या चार बाबतींत हुकूम मोठ्यांचाच. कड्याच्या बाजूला नेहमी मोठं माणूस चालेल. ओढ्याचं पाणी चढतं ते वर डोंगरात पडलेल्या पावसाने, आपल्या डोक्यावर ऊन असतानाही. म्हणून पावसाळ्यात लहान मुलांना धबधब्याखाली आणि ओढ्याच्या पात्रात नेऊच नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. मुलाला एकच नियम पाठ करायला लावा: डोळ्याला दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, पाय टाकायचा नाही. साप चावलाच तर मांत्रिकाकडे न जाता, चिरा न देता, दोर न आवळता थेट सरकारी रुग्णालय. गडांच्या कड्यांना आणि लेण्यांच्या छतांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. तिथे अत्तर, धूर, दगड आणि आरडाओरडा यांतलं काहीही नको. हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगांना हात लागला तर दिवस वाया जातो. मुलाच्या गळ्यात शिट्टी हवी आणि एक गोष्ट घरीच, खेळात, पक्की करून घ्यायला हवी: एकटं पडलो असं वाटलं की शोधायला निघायचं नाही, जवळच्या झाडापाशी उभं राहून शिट्टी वाजवायची. बिबट्याच्या रानात अंधार पडायच्या आत बाहेर. मुलं नेहमी मोठ्यांच्या मधोमध, शेवटी कधीच नाही.

एक खंत मनात आहे. रानात चालणं ही गेल्या काही वर्षांत महागडी गोष्ट होऊ लागली आहे. तंबू, गणवेशासारखे टी-शर्ट, प्रमाणपत्रं, दोन रात्रींचं शिबिर. ज्यांना परवडतं त्यांनी जावं. पण डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीतलं मूल त्याच डोंगरावर कधी नीट चढलेलं नसतं, हे पुण्या-मुंबईत डोळ्यांसमोर दिसतं. खरं तर फार लांब जावंच लागत नाही. पुण्यात वेताळ टेकडी आहे. मुंबईत १०० चौरस किलोमीटरहून मोठं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान लोकलच्या स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नागपूरला गोरेवाडा आहे, गोव्यात बोंडला आहे. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांनी वर्षातून चार सकाळी, त्याच त्या टेकडीवर, मुलांना नेलं तर त्याला एसटीच्या भाड्यापलीकडे फारसा खर्च नाही. मुख्याध्यापकांनी परवानगी देताना घाबरू नये यासाठीच या पुस्तकात सुरक्षेचं प्रकरण सर्वांत मोठं ठेवलं आहे.

पुढची प्रकरणं महिन्यांप्रमाणे लावली आहेत, पण ती क्रमाने वाचायची गरज नाही. जो महिना चालू असेल तिथून सुरुवात करा. पहिल्यांदाच जात असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ लहान मुलांना सर्वांत सोयीचा. पहिल्या खेपेला दोन तासांहून जास्त ठरवू नका आणि चार वर्षांच्या मुलाने तासाभरात एक किलोमीटर काटलं तर पुष्कळ झालं असं समजा. पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण लांबीची विजार, बंद बूट, पाणी, शेंगदाणे-गूळ, शिट्टी. मुलाचं सामान मुलाच्याच पिशवीत. घरून निघताना रानाचं नाव सांगा, पण कुठवर जायचं ते सांगू नका. मूल बसलं तर तुम्हीही शेजारी बसा आणि ते उठेपर्यंत उठू नका. आणि महिन्याभराने त्याच वाटेवर पुन्हा जा.